पत-वहीचं कुलूप

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, की अमेरिकेतल्या क्रेडिट रिपोर्टबद्दल इथे महाराष्ट्रात बसून ऐकण्यासारखं काय आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून आधी आमच्या घरातली एक हकीकत सांगतो.

माझा भाचा सात वर्षं न्यू जर्सीत नोकरीला होता. 2015 मध्ये तो परत आला. निघताना त्याने सगळं व्यवस्थित आवरलं. गाडी विकली, क्रेडिट कार्डांची बाकी भरून ती बंद केली, बँकेतलं खातं बंद केलं, घराची किल्ली मालकाच्या हातात दिली. 2019 मध्ये त्याच्या तिथल्या मित्राच्या पत्त्यावर एक पत्र आलं. वसुली करणाऱ्या एजन्सीचं. एका फर्निचरच्या दुकानाच्या कार्डावर साडेचार हजार डॉलर थकले आहेत, ताबडतोब भरा. कार्ड याच्याच नावावर होतं आणि ते काढलं होतं 2018 मध्ये, म्हणजे हा कोथरूडला राहायला येऊन तीन वर्षं झाल्यावर. भाचा मला म्हणाला, "मामा, मी सगळं बंद करून आलो होतो. एकच गोष्ट राहिली, आणि ती बंद करता येते हेच मला माहीत नव्हतं."

ती राहिलेली गोष्ट म्हणजे त्याची क्रेडिट फाइल. आज आपण तिच्याबद्दल बोलणार आहोत.

आपल्या मराठीत 'पत' हा फार चांगला शब्द आहे. बाजारात माणसाची पत असते, ती जाते, ती पुन्हा कमवावी लागते. पूर्वी ही पत कुठे लिहिलेली असायची? वाण्याच्या उधारीच्या वहीत. कोण महिनाअखेरीला पैसे देतो, कोण टाळाटाळ करतो, ते त्या वहीत आणि वाण्याच्या डोक्यात. आता क्रेडिट फाइलला मराठीत काय म्हणावं? व्याकरणाने 'पतीची वही' व्हायला पाहिजे, पण तसं म्हटलं तर घराघरात वेगळाच गैरसमज होईल. (हशा) म्हणून मी आपला 'पत-वही' म्हणणार आहे.

अमेरिकेतल्या पत-वहीचा उगमसुद्धा किराणा दुकानाशीच जोडलेला आहे, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. केटर वूलफोर्ड या माणसाला किराणा व्यापाराची माहिती होती. गिऱ्हाइकांपैकी कोण भरवशाचा आहे याची यादी करून ती इतर दुकानदारांना विकता येते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने आणि त्याच्या भावाने 1899 मध्ये अटलांटा शहरात रिटेल क्रेडिट कंपनी काढली. हीच कंपनी 1975 पासून इक्विफॅक्स या नावाने ओळखली जाते. आज तिथे अशा तीन मोठ्या कंपन्या आहेत: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. त्यांना क्रेडिट ब्युरो म्हणतात.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वाण्याच्या वहीत तुमचं नाव होतं, आणि तुम्ही वाण्याचे गिऱ्हाईकही होतात. ब्युरोच्या वहीत तुमचं नाव आहे, पण तुम्ही ब्युरोचे गिऱ्हाईक नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बँक, कार्ड कंपनी, गाडीला कर्ज देणारा. ते पैसे भरतात आणि तुमची वही उघडून बघतात. जितक्या वेळा वही उघडेल तितकी ब्युरोची कमाई. मग ही वही बंद ठेवण्याची सोय ब्युरो आपणहून कशाला करील? ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर हा हक्क मिळायला इतकी वर्षं का लागली ते आपोआप कळतं.

1970 मध्ये अमेरिकी संसदेने फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट केला. त्या काळात या कंपन्यांची माणसं शेजारीपाजारी विचारपूस करून लोकांच्या दारू पिण्याबद्दल, घरगुती भांडणांबद्दलसुद्धा नोंदी करत असत. कायद्याने काय केलं, तर कायदेशीर कारणाशिवाय कोणाला वही दाखवायची नाही असं ठरवलं, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा अधिकार माणसाला दिला. पण "माझी वही कोणालाच दाखवू नका" असं म्हणण्याचा अधिकार त्यात नव्हता.

आता चोर काय करतो ते बघू. अमेरिकेत प्रत्येकाला नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर असतो. 1936 मध्ये तो द्यायला सुरुवात झाली, ती निवृत्तिवेतनासाठी कोणाच्या नावावर किती पगार जमा झाला याचा हिशोब ठेवायला. म्हणजे तो साधा खाते क्रमांक होता. 1946 पासून 1972 पर्यंत छापलेल्या कार्डांवर तर हा ओळख पटवण्यासाठी नाही असं स्पष्ट छापलेलं असायचं! पण सोयीचा आकडा हाताशी आहे म्हटल्यावर कोण ऐकतो. बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांनी तो मागायला सुरुवात केली. होता होता तोच आकडा तुमचं नाव झाला आणि तोच तुमचा पासवर्डही झाला. दारावरच्या पाटीवर जे नाव आहे तीच कुलपाची किल्ली, असा हा प्रकार आहे.

चोराकडे तुमचं नाव, जन्मतारीख आणि हा आकडा आला, की तो दुकानात किंवा ऑनलाइन तुमच्या नावाने अर्ज करतो. कर्ज देणारा तुम्हाला ओळखत नाही. तो ब्युरोला विचारतो, ब्युरो वही दाखवतो, वहीत सगळे हप्ते वेळेवर भरलेले दिसतात. कर्ज मंजूर. माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच घडलं. त्याची पत चांगली होती म्हणूनच चोराला ती उपयोगी पडली. बुडव्या माणसाच्या नावावर कोण कशाला अर्ज करील?

या साखळीत आपल्याला कुठे हात घालता येतो? चोराकडे गेलेला आकडा परत घेता येत नाही, आणि बदलून मिळणंही महाकठीण. कर्ज देणारा कोण असेल ते आधी माहीत नसतं. मधला दुवा तेवढा माहीत आहे, तो म्हणजे ब्युरो. ब्युरोने वही दाखवायला नकार दिला तर वही न बघता कर्ज देणारा विरळाच. अर्ज तिथेच अडकतो. तिकडे याला 'फ्रीज' म्हणतात, म्हणजे गोठवणं. मी त्याला कुलूप म्हणतो. चोरलेला आकडा चोराकडेच राहतो, पण त्याने नवं कर्ज निघत नाही. नाव आणि किल्ली या दोन गोष्टी पुन्हा वेगळ्या होतात.

हा हक्क कायद्यात पहिल्यांदा आला तो कॅलिफोर्निया राज्यात, 2001 मध्ये. मग एकेक राज्य करत गेलं. पण बहुतेक ठिकाणी ब्युरोला शुल्क घेण्याची मुभा होती, अनेक राज्यांत 10 डॉलरपर्यंत. ऐकायला किरकोळ वाटतं. हिशोब करा: नवरा-बायको दोघं, तीन ब्युरो, म्हणजे कुलूप लावायला 60 डॉलर. गाडी घ्यायची म्हणून ते उघडायचं तर पुष्कळ राज्यांत पुन्हा पैसे. आपल्याबद्दलची वही, आपण मागितली नसताना दुसऱ्याने लिहिलेली, ती बंद ठेवायची तर लिहिणाऱ्यालाच पैसे द्यायचे. मला हा प्रकार कायम अजब वाटत आला आहे.

मग 2017 उजाडलं. इक्विफॅक्स ज्या एका सॉफ्टवेअरवर अवलंबून होती त्यातलं एक भोक मार्च महिन्यात जाहीर झालं होतं, दुरुस्तीही उपलब्ध होती. इक्विफॅक्सच्या एका प्रणालीत ती बसवायची राहून गेली. मेपासून जुलैअखेरपर्यंत चोर आत होते. संशयास्पद हालचाल टिपणारं एक उपकरण होतं, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे ते आंधळं झालं होतं. प्रमाणपत्राचं नूतनीकरण केल्याबरोबर गडबड दिसली! 7 सप्टेंबरला कंपनीने जाहीर केलं. पुढे एकूण आकडा निघाला सुमारे 14 कोटी 70 लाख माणसांचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळा ऐवज गेला.

त्यानंतरचा गोंधळ तर विचारू नका. कंपनीने लोकांच्या मदतीसाठी वेगळं संकेतस्थळ काढलं. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या नावाचं नकली संकेतस्थळ एका संगणकतज्ज्ञाने, केवळ धोका दाखवण्यासाठी, तयार केलं. आणि कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्याने लोकांना त्या नकली संकेतस्थळाचा पत्ता दिला, एकदा नाही, अनेकदा. (हशा) अजून ऐका. घाबरलेल्या लोकांनी कुलूप लावायला सुरुवात केली तेव्हा प्रत्येकाला ते उघडण्यासाठी पिन मिळत होता. तो पिन काय होता? ज्या दिवशी, ज्या वेळी कुलूप लावलं ती तारीख आणि घड्याळातली वेळ. म्हणजे अंदाजाने काढता येईल असा. बोभाटा झाल्यावर त्यांनी ती पद्धत बदलली.

लोकांचा संताप एकाच प्रश्नावर येऊन थांबत होता: तुमच्या चुकीने आमची माहिती गेली, आणि तिला कुलूप लावायचे पैसे आम्ही द्यायचे? 24 मे 2018 रोजी नव्या कायद्यावर सही झाली आणि 21 सप्टेंबर 2018 पासून देशभर हे कुलूप फुकट झालं. लावायलाही फुकट, उघडायलाही. यातली मेख अशी, की तो कायदा मुळात बँकांवरचे निर्बंध सैल करण्यासाठी होता. ग्राहकांची ही तरतूद त्याच्या पोटात आली. मोठ्या बिलाच्या पोटात छोटं बिल पास होतं, हे संसदीय व्यवहार जाणणाऱ्यांना नवं नाही. भरपाईची तडजोड 2019 मध्ये झाली, किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलरची. पण माझ्या मते सामान्य माणसाच्या हाती खरं काही पडलं असेल तर ते हे कुलूप.

आता प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगतो. तिन्ही ब्युरोंकडे वेगवेगळी मागणी करावी लागते, एकाला सांगून भागत नाही. ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केली तर कामाच्या एका दिवसात कुलूप लागलं पाहिजे, टपालाने केली तर अर्ज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत. उघडायचं असेल तेव्हा ऑनलाइन किंवा फोनवर सांगितल्यावर एका तासात उघडायला हवं. ही तासाची मुदत फार महत्त्वाची. तिथे गाडीच्या शोरूममध्ये बसल्या बसल्या कर्ज मंजूर होतं. कुलूप उघडायला तीन दिवस लागले असते तर कोणी ते लावूनच घेतलं नसतं. ठरावीक दिवसांपुरतं उघडून ठेवण्याचीही सोय आहे. मुदत संपली की आपोआप बंद. आणि कर्ज देणाऱ्याला आधीच विचारा, तुम्ही कोणत्या ब्युरोकडे बघता? तेवढं एकच उघडा, बाकीची दोन बंद राहू द्या. कुलूप लावल्याने स्कोअर कमी होतो असं काही लोक सांगतात, तसं काही होत नाही.

माझ्या 'कुलूप' या शब्दाने एक घोटाळा होऊ शकतो, तो आत्ताच मिटवतो. ब्युरोंच्या संकेतस्थळांवर 'लॉक' नावाची सेवा ठळकपणे दिसते. ती हे नव्हे. ती कंपनीची स्वतःची सेवा आहे, कुठे फुकट, कुठे मासिक वर्गणीत बसवलेली, आणि तिच्या अटी कंपनीच्या कराराप्रमाणे चालतात. आपल्याला हवं ते 'सिक्युरिटी फ्रीज'. त्यामागे कायदा उभा आहे. पानावर ते थोडं खाली, बारीक अक्षरात असेल. शोधा.

आणखी एक भावंडं आहे, 'फ्रॉड अलर्ट'. त्यात वही बंद होत नाही, फक्त तिच्यावर शेरा मारला जातो की कर्ज देण्याआधी या माणसाची नीट खात्री करा. हा एका ब्युरोला कळवला की त्याने बाकीच्या दोघांना कळवायचं असतं. मुदत एक वर्ष. प्रत्यक्ष फसवणूक झालेल्यांना सात वर्षांचा मिळतो. शेरा आणि कुलूप यांत माझा कौल कुलपाला. शेरा वाचायचा की नाही हे शेवटी समोरच्याच्या दक्षतेवर अवलंबून राहतं.

पण कुलूप म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. तुमचं जे कार्ड आधीच चालू आहे ते चोरीला गेलं तर कुलूप काही करत नाही. ज्यांचं कर्ज तुम्ही आधीच घेतलेलं आहे ते वही बघू शकतात. नोकरी देताना, घर भाड्याने देताना होणारी तपासणी आणि विमा या गोष्टी संघीय कायद्याने कुलपाच्या बाहेर ठेवल्या आहेत. तुमच्या नावाने कोणी आयकराचा परतावा लाटला तर त्याचा उपाय वेगळा, तिथल्या आयकर खात्याकडून मिळणारा पिन. नवं बँक खातं उघडताना बऱ्याच बँका चेक्ससिस्टम्स या वेगळ्या संस्थेकडे बघतात, तिचं कुलूप वेगळं लावावं लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग मुलांचा. तिथे जन्मलेल्या मुलाला तान्हेपणीच नंबर मिळतो. त्याची पत-वही कोरी असते आणि अठरा वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. चोराला यापेक्षा काय हवं? 2018 च्या कायद्याप्रमाणे 16 वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील कुलूप लावू शकतात. वही नसेल तर ब्युरोने ती तयार करून मग बंद करायची. मुलाचा जन्मदाखला, त्याचं सोशल सिक्युरिटी कार्ड आणि स्वतःच्या ओळखीचे कागद जोडावे लागतात. तिकडे मुलं झालेली आणि नंतर परत आलेली कितीतरी कुटुंबं आपल्या आसपास आहेत. मुलं इथे शाळेत जातात, नंबर तिथे उघडा पडलेला असतो.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर ओळखचोरीचा अहवाल भरता येतो. तो अहवाल, ओळखीचा पुरावा आणि कोणती नोंद खोटी आहे ते लिहून दिलं, की ब्युरोने कामाच्या चार दिवसांत ती नोंद झाकायची असा कायदा आहे. पण वसुली एजन्सी आणि दुकान यांच्याशी पत्रव्यवहार करता करता त्याचे पाच महिने गेले. रात्री अकरानंतर फोन लावून बसायचा, कारण तिकडे तेव्हा दिवस. त्यानंतर त्याने तिन्ही कुलपं टपालाने लावली. पाकिटांना पैसे पडले, कुलपांना नाही. म्हणून परत येणाऱ्यांना माझं सांगणं आहे: विमानात बसण्याआधीच, तिथला फोन आणि तिथला पत्ता चालू असताना हे काम करा. इथून ओळख पटवताना तिथल्या पत्त्याचा ताजा पुरावा आणायचा कुठून?

वेळ झाली आहे, प्रश्न घेऊ.

प्रश्न: माझी मुलगी तिकडे शिकते आहे. तिने आत्ताच कुलूप लावलं तर पहिलं कार्ड मिळायला अडचण येईल का?

कार्डाचा अर्ज करताना काही दिवसांसाठी उघडायचं, कार्ड मिळालं की पुन्हा बंद. मध्ये विसरली तर अर्ज नाकारला जाईल, तेव्हा घाबरून जायचं नाही, उघडून पुन्हा अर्ज करायचा. आणि ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या संकेतस्थळावर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट बघता येतात. तिला सवय लावा. कुलूप लावलेलं असलं तरी स्वतःची वही स्वतःला दिसतेच.

प्रश्न: आपल्याकडे असं कुलूप आहे का?

या प्रश्नाची वाट बघत होतो. आपल्याकडे 2005 चा क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा आहे आणि चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. नावं ओळखीची वाटली ना? पण फुकट, आणि तासाभरात उघडेल, असं कुलूप मागण्याचा हक्क त्या कायद्यात लिहिलेला नाही. जे आहे ते सांगतो. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे तुमचा रिपोर्ट कोणी बघितला तर एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, अर्थात तुमचा नंबर किंवा ईमेल त्यांच्याकडे नोंदलेला असेल तर. चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

फरक ध्यानात आला का? तिकडे वही दाखवण्याआधी अडवता येतं. इकडे दाखवल्यावर कळतं. 2022 मध्ये आपल्याकडे कित्येकांच्या, अगदी नामवंतांच्यासुद्धा, पॅनवर त्यांच्या नकळत ॲपवरून कर्ज काढल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आपला पॅन किती ठिकाणी झेरॉक्स होऊन पडलेला आहे याचा विचार करा. नाव आणि किल्ली एकच, ही गोष्ट इथेही फार दूरची नाही.

प्रश्न: पण आधार लॉक करता येतं ना?

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, जरूर करा. पण त्याने तुमच्या बोटाच्या ठशाचा वापर थांबतो. क्रेडिट कंपनीकडची वही त्याने बंद होत नाही, ती पॅनवरून उघडते. घरी गेल्यावर आधी चारपैकी एका कंपनीचा फुकट रिपोर्ट काढा, तीन महिन्यांनी दुसरीचा, असं वर्षभर पुरवून वापरा. त्यात 'चौकशी' असा एक रकाना असतो, सहसा लोक तो वाचत नाहीत. तुम्ही कधी अर्जच केला नाही अशा कोणाचं नाव तिथे दिसलं, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. 30 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.